किंमत कोणी मोजावयाची?

स्वतःला बाजूस सारून आणि वधस्तंभ खांद्यावर घेऊन आपल्यामागे यावे, हे ख्रिस्ताचे आवाहन मत्तय, मार्क आणि लूक ह्या तिघांनीही जवळजवळ सारख्याच शब्दांत नोंदविले आहे. फरक आहे तो एका शब्दाचा. लूकने त्यात ‘दररोज’ हा शब्द घातला. रोमन साम्राज्यात वधस्तंभ हे गुलामांना आणि बंडखोरांना भर रस्त्यावर ठार मारण्याचे साधन होते. मरण एकदाच येते. ते दररोज कसे पत्करावयाचे? ह्या एका शब्दाने हुतात्म्याचा प्रश्न संसारी माणसाच्या उंबरठ्यावर आणून ठेवला आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात ह्या किमतीची चर्चा होते ती बहुधा धर्मांतराच्या संदर्भात. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना आप्तांना आणि जातीला मुकावे लागले. ती किंमत मोठी होती, ह्यात शंका नाही. परंतु ती समाजाने वसूल केलेली किंमत होती. पुढच्या पिढ्यांना धर्म वारशाने मिळाला. वारशाने मिळालेल्या वस्तूची किंमत विचारण्याची प्रथा नसते. मग ‘दररोज’ ह्या शब्दाचे करावयाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

ह्या प्रश्नाचा विचार करताना टिळकांच्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे पाहावे. पतीने बाप्तिस्मा घेतला, तो निर्णय लक्ष्मीबाईंचा नव्हता. पण त्यापायी घडलेली दीर्घ ताटातूट आणि लोकनिंदा त्यांच्या वाट्याला आली. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने तो धर्म स्वीकारला. टिळक उदार, हाती आलेले देऊन टाकणारे. घर चालविण्याची विवंचना मात्र लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, पण एका माणसाच्या त्यागाचा हप्ता दुसरे माणूस कसे भरत असते, हेही ते पुस्तक दाखविते. टिळकांची थोरवी त्यामुळे उणी होत नाही. मात्र आत्मत्यागाची किंमत ठरविताना ती कोणी मोजली, हे विचारलेच पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

तो न घेतल्यामुळे ह्या उपदेशाचा विपर्यास झाला आहे. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘हाच तुझा वधस्तंभ, तो मुकाट्याने वाहा’ असे सांगणारे धर्मोपदेशक आणि नातलग सर्वत्र आढळतात. वस्तुतः मूळ वचनात वधस्तंभ उचलावयाचा आहे, आणि तो स्वतःचा. टाळता येणे शक्य असूनही जो भार माणूस आपण होऊन घेतो, त्याला वधस्तंभ म्हणावे. दुसऱ्याने लादलेल्या अन्यायाला ते नाव देणे म्हणजे अन्याय करणाऱ्यास अभय देणे होय. ज्याला स्वतःचे म्हणून काही उरूच दिलेले नाही, त्याने त्याग तरी कशाचा करावा?

शुभवर्तमानाचा रोख ह्या बाबतीत स्पष्ट आहे. जकातदारांचा प्रमुख जक्कय ख्रिस्ताला भेटला, तेव्हा त्याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे ठरविले. किंमत त्याच्याच तिजोरीतून मोजली गेली. विधवेने दोन नाणी दान केल्याचा प्रसंग प्रवचनांतून वारंवार सांगितला जातो. परंतु त्याच्या अगदी आधीच, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर ख्रिस्ताने ओढलेला कोरडा सहसा सांगितला जात नाही. दोन्ही एकत्र वाचल्यास, कोणाकडे काय मागावयाचे हे समजण्यास अडचण पडू नये.

‘दररोज’चा खरा अर्थ पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसतो. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या आणि केडगावला त्यांचा संसार उभा केला. त्यांना रोज जेवू घालणे आणि कामाला लावणे हे उत्सवाचे काम नव्हते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर वर्षानुवर्षे चालविले. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ह्या त्यागाचा भार त्यांनी स्वतः वाहिला आणि इतरांचे ओझे हलके केले.

आजच्या ख्रिस्ती समाजाला हीच कसोटी जातीच्या प्रश्नावर लावून पाहावी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. धर्माची ही अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली, आणि २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोगाकडे हा विषय सोपविण्यात आला. दलित ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेची किंमत शाळेच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत मोजतो. शासनाने काय करावे, ह्याचा वाद होत राहील. परंतु त्याच्याच शेजारी प्रार्थनेस बसणारे कुटुंब मुलीचे लग्न ठरविताना पूर्वजांची जात चाचपून पाहात असेल, तर त्या कुटुंबाने काय मोजले? स्वतःला नाकारावयाचे म्हणजे आधी हा कुळाचा ताठा नाकारावयाचा. त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

दरवर्षी उपवासाच्या चाळीस दिवसांत सामिष आहार वर्ज्य करणारे पुष्कळ असतात. ते स्तुत्यच आहे. पण वाचलेला पैसा आपल्याच घरात राहिला, दुकानातील माप खोटेच राहिले आणि मोलकरणीचा पगार तेवढाच राहिला, तर जिभेला थोडी शिस्त लागली, एवढेच म्हणता येईल. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असे ख्रिस्ताने सांगितले आहे. तो हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या नावावर मांडावा; पत्नीच्या, नोकराच्या किंवा दुबळ्या शेजाऱ्याच्या नावावर खर्च टाकून बांधलेला बुरूज ख्रिस्ताचा म्हणता येणार नाही.