पहिला तास वरण-भाताचा

कॉलेजात आहारशास्त्राच्या पहिल्या तासाला फळ्यावर काय येतं? जीवनसत्त्वांचा तक्ता. पोरं तो वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि कँटीनमध्ये जाऊन गोबी मंच्युरियन मागवतात. मला कुणी हा तास घ्यायला सांगितला (इंग्रजीत बीए केलेल्या मुलीला कोण सांगणार म्हणा!), तर मी सुरुवात कमला सोहोनींपासून करेन. त्यांच्या कामाची सुरुवात आमच्या बंगळुरूतच झाली.

१९३३ साली मुंबईत पदवी घेऊन कमला भागवत इथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला आल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या बहीण. संचालक होते नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष चाचणीवर घेतलं, काम पाहून नियमित प्रवेश दिला आणि पुढे इतर मुलींसाठीही दार उघडलं. मग त्यांनी अभ्यास कशाचा केला? दूध आणि डाळी-कडधान्यांमधल्या प्रथिनांचा. म्हणजे आपल्या रोजच्या ताटाचा.

केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएचडी घेऊन त्या परतल्या. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवताना विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी कच्च्या कडधान्यांतल्या एका खोडीवर काम केलं. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम असतं. कच्च्या कडधान्यात त्यालाच अडवणारे घटक असतात. नीट शिजवलं की त्यांचा जोर बराचसा जातो. आजी वाल भिजवते, मोड आणते, मऊ शिजवते, ते उगीच नाही. इथले अवरेकाळू म्हणजे त्याच वालाचे भाऊबंद, त्यांनाही हाच नियम.

आता माझ्या पीजीतल्या फळीवर प्रोटीन पावडरचे तीन डबे आहेत. त्यांच्यावर मी हसत नाही, कारण गणित खरंच अवघड आहे. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलो वजन असेल तर साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे ३० ग्रॅम डाळीच्या वाटीभर वरणातून मिळतात साडेसहाच्या आसपास. पीजीच्या सांबारात डाळ किती असते, ते तुम्हीच सांगा! तेव्हा 'वरण खातो, प्रोटीन मिळतं' हेही अर्धंच खरं. डाळ घट्ट हवी, सोबत दही-दूध, उसळ, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं हवं. भात मात्र सोडू नका. भातात लायसिन कमी पडतं, ते डाळ देते. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातातून येतं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित डॉक्टरांकडूनच करून घ्या.)

कमलाताईंनी हे ज्ञान प्रयोगशाळेत ठेवलं नाही. मराठीत 'आहार-गाथा' लिहिली, ग्राहकांसाठी 'कीमत' मासिकात लेख लिहिले. माझ्या पहिल्या तासाचा गृहपाठही तसाच घरगुती असेल: आज कुकर लावण्याआधी कोरडी डाळ वजनकाट्यावर ठेवा, तिला घरातल्या खाणाऱ्यांच्या संख्येनं भागा आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती ग्रॅम आली ते वहीत लिहून आणा.