मार्गळीतील मैफली आणि रसिकाचे तिकीट

डिसेंबरच्या मध्यास तमिळ पंचांगातील मार्गळी मास सुरू होतो आणि चेन्नई शहराची दिनचर्या पालटते. मैलापूर, आल्वारपेट, त्यागराय नगर या भागांतील सभागृहांत सकाळी सप्रयोग व्याख्याने, दुपारी नवोदितांचे गायन-वादन आणि सायंकाळी ज्येष्ठांच्या मैफली रंगतात. मैफलीस तेथे ‘कच्चेरी’ म्हणतात. हा शब्द ऐकून मराठी माणसास प्रथम फायलींचे ढिगारे आठवावेत, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा! बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेल्या या नगराचा समावेश २०१७ साली युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीतासाठी झाला. तो सन्मान यथार्थच होता. मात्र या वैभवाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे पहिले उत्तर तंजावरात सापडते आणि त्याचा मराठी मनाशी निकटचा संबंध आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी आज भरतनाट्यम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या प्रयोगक्रमास आकार दिला. मराठी कीर्तनाच्या संस्कारातून तेथील हरिकथा समृद्ध झाली. साकी, दिंडी, ओवी हे छंद तमिळ भागवतारांच्या मुखी रुळले. १८५५ मध्ये भोसल्यांची ही गादी इंग्रजांनी खालसा केली आणि कलावंतांचा आश्रय तुटला. पुढील काही दशकांत त्यांतील अनेकांनी मद्रासची वाट धरली.

मद्रासमध्ये राजा नव्हता. वकील, व्यापारी आणि सरकारी नोकर होते. त्यांनी वर्गणी काढून ‘सभा’ स्थापल्या. एका धनिकाच्या मर्जीऐवजी अनेकांच्या लहान लहान रकमांवर कलावंताचे मानधन उभे करावयाचे, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारकच होती. सहकारी पतपेढीच्या तत्त्वाशी तिचे नाते सहज जुळते. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यास जोडून अखिल भारतीय संगीत परिषद झाली आणि तिच्या प्रेरणेने १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी स्थापन झाली. या संस्थेचे आजचे सभागृह ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते टी. टी. कृष्णम्माचारी देशाचे अर्थमंत्री होते, ही गोष्ट अर्थव्यवहारात वावरणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

आज सभासद-वर्गणीची जागा बऱ्याच अंशी प्रायोजकाने घेतली आहे. रंगमंचाच्या मागील पडद्यावर देवीच्या प्रतिमेशेजारी बँका, विमा कंपन्या, सराफी पेढ्या यांची नावे झळकतात. यात गैर काही नाही. पण प्रायोजकाचा ओढा स्वाभाविकपणेच सायंकाळच्या नामवंत गायकाकडे असतो. दुपारच्या मैफलीस बहुधा प्रवेशमूल्य नसते, प्रायोजक नसतो, आणि पुष्कळदा श्रोतेही नसतात. मानधन नाममात्र मिळते. व्हायोलिन आणि मृदंगमची साथ करणारे तर जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. काही ठिकाणी तरुण कलावंतांनाच प्रायोजक शोधून आणण्यास सांगितले जाते, ही तक्रारही कलाविश्वात वारंवार ऐकू येते. गंमत अशी की, सभागृह अर्धे रिकामे असताना त्याच आवारातील उपाहारगृहात पाय ठेवण्यास जागा नसते. डोशाचे पैसे विनातक्रार मोजणारा रसिक दोन तासांच्या गायनाचे मोल मात्र शून्य धरतो.

कायद्याने या बाबतीत एक वाट दाखविली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असते आणि पारंपरिक कलांचा विकास हा त्यातील मान्य विषय आहे. मात्र २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार, आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीच्या लाभासाठी केलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. हा भेद अतिशय योग्य आहे. फलक लावणे हा जाहिरातीचा व्यवहार. साथीदारांना वर्षभर शिष्यवृत्ती देणे, दुपारच्या सत्राचे मानधन उचलणे हे साहाय्य. वैयक्तिक देणगीदाराने मात्र हेही ध्यानी घ्यावे की, जुन्या कर-प्रणालीत देणगीवर मिळणारी वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही. तेव्हा करबचतीच्या आशेवर कलेची मदार ठेवण्याचे दिवस सरत चालले आहेत.

म्हणूनच तिकीट विकत घेणारा सामान्य श्रोता महत्त्वाचा. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात लोक पैसे मोजून भारतीय बैठकीवर तासन् तास बसतात. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. २०२० च्या महामारीत चेन्नईतील अनेक सभांनी एकत्र येऊन संगणकाच्या पडद्यावर सशुल्क मैफली सादर केल्या, तेव्हा दूरदेशीच्या रसिकांनीही पैसे भरले. सवय लावली की लागते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. तिकीट लावले तर ज्याला आजवर सभागृहाचे दारच उघडे नव्हते, त्याचे काय? गायक टी. एम. कृष्णा आणि पर्यावरण-कार्यकर्ते नित्यानंद जयरामन यांच्या पुढाकाराने २०१५ साली ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात, अगदी समुद्राच्या कुशीत, विनामूल्य कलामहोत्सव सुरू झाला, तो याच जाणिवेतून. तेथे कर्नाटक संगीताबरोबर पराईसारख्या लोकवाद्यालाही मानाचे स्थान मिळाले. असे उत्सव विनामूल्यच असावेत. देणगीचा पहिला हक्क त्यांचा आहे. परंतु मोटारीतून येऊन वातानुकूलित सभागृहात बसणाऱ्यास फुकट प्रवेश देणे म्हणजे त्याला दिलेली सवलतच होय, आणि तिची किंमत मृदंगावर बसलेला विशीतला तरुण चुकवितो.

जे वाचक चेन्नईत राहतात किंवा कामानिमित्त तेथे जातात, त्यांनी डिसेंबरात एखादी दुपार राखून ठेवावी. प्रवेशमूल्य असेल तेथे ते भरावे, नसेल तेथे सभेच्या सभासदत्वाची चौकशी करावी आणि उपाहारगृहाकडे वळण्यापूर्वी तनि आवर्तनम्, म्हणजे तालवाद्यांचे स्वतंत्र वादन, संपेपर्यंत जागा सोडू नये. नेमक्या त्याच वेळी निम्मे श्रोते उठून जातात.