ओढलेल्याचा वाटा

या जुलैत धाकटीला घेऊन न्यू जर्सीच्या सँडी हूकला गेले. मुलांसाठी जाळं ओढायचा कार्यक्रम होता. तीसेक फुटांचं जाळं, दोन्ही टोकांना काठ्या, वरच्या दोरीला तरंगते गोळे, खालच्या दोरीला शिसं. दोघांनी कमरेएवढ्या पाण्यातून चालत जायचं आणि वळून वाळूवर यायचं. खालची दोरी तळाला घासतच आली पाहिजे. जरा उचलली की मासे खालून पसार. हे मला कुणी सांगायला नको होतं. माझं आजोळ देवबागचं, मालवणजवळ. मामा रापणकर.

रापण अर्थात केवढी तरी मोठी. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते आणि दोन्ही दोरांना माणसं लागतात. दोराला हात लावणाऱ्या पोरालाही मूठभर पेडवे मिळायचे. फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आम्ही घरी पळायचो.

इथे मासे बादलीत. बहुतेक सिल्व्हरसाइड, बोटाएवढे, कुशीवर चांदीची रेघ. थंड पाण्यात, हंगामाच्या सुरुवातीला वाढलेली यांची पिल्लं बहुतेक मादी होतात, पाणी तापल्यावरची बहुतेक नर. आधी जन्मलेलीला वाढायला वेळ जास्त, आणि मोठी मादी अंडी जास्त घालते. मग एक काडी आली. धाकटी ती फेकणारच होती, तेवढ्यात काडी वळवळली. पाइपफिश! पोटाच्या पिशवीत अंडी, आणि हा बाप. यांच्यात बाळंतपण बापाकडे. (आमच्या घरी यावर दोन दिवस चर्चा झाली.)

सगळे मोजले, कागदावर लिहिले, पाण्यात सोडले.

रात्री मामांना फोन केला. ते हसले. "सोडलात? मगे ओढलात कित्याक?"

मोजायला, म्हटलं. दरवर्षीचे आकडे ठेवतात, कमी झाले तर कळतं.

मामा गप्प झाले. पर्ससीनवर २०१६ साली सरकारने निर्बंध आणले, त्याच्या आधीपासून ते सांगत आलेत की पूर्वी रापणीला किती मासळी यायची. पण पुरावा काय, तर त्यांचं तोंड. "आमी मोजूक नाय गो," एवढंच म्हणाले, "वाटून खाल्लाव."

नारळी पौर्णिमेनंतर त्यांचा फोटो आला. कालनिर्णयच्या पानामागे, थरथरत्या अक्षरात: "पेडवे २ टोपल्यो. बांगडो नाय." खाली तारीख.


आता दर रविवारी एक फोटो येतो. धाकटी वहीत उतरवून घेते, आणि 'टोपली' म्हणजे किती किलो, हे मामाआजोबांना विचारून विचारून त्यांना भंडावते.