रक्तातला आकडा ही नजरअंदाज पैसेवारी

पैसेवारीचा हिशेब आपल्याला नवा नाही. आज त्याच हिशेबाने एका दुखण्याकडे पाहू. ते म्हणजे लघवीच्या पिशवीचा कर्करोग. याचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर. तेंदूपत्ता आणि बिडीवर ज्या गोंदिया-भंडाऱ्यातली कित्येक घरे चालली, तिथे हे सांगणे कडू आहे, पण सांगितलेच पाहिजे.

रोग पिशवीबाहेर पसरला की काही वेळा रक्तातले सीईए, सीए १२५, सीए १९-९ तपासतात. यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. आकडा चढा असेल तर पुढची वाट अवघड, केमोथेरपीनंतर उतरला तर औषध लागू पडते आहे, असा कल काही अभ्यासांत दिसला आहे. मग घरात प्रश्न उठतो : आकडा वाईट आला, आता बांधी विकायची की म्हाताऱ्याला घरी आणायचे?

जरा थांबा. बिडी ओढणाऱ्याचा सीईए कर्करोग नसतानाही थोडा चढा असू शकतो. पित्ताची नळी तुंबली तर सीए १९-९ वाढतो. उलट, रोग पसरूनही काहींचे आकडे साधेच राहतात. म्हणजे ही नजरअंदाज पैसेवारी झाली. तेवढ्यावर कोणी उभे पीक मोडत नाही.

१९९९ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयाच्या डॉक्टरांनी केमोथेरपी घेतलेल्या २०३ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यात दोन गोष्टी वजनदार ठरल्या : रोगी हिंडता-फिरता आहे का, आणि रोग यकृत, फुप्फुस वा हाडांत गेला आहे का. दोन्ही बाजू चांगल्या असलेल्यांपैकी निम्मे ३३ महिने वा जास्त जगले. दोन्ही वाईट असलेल्यांपैकी निम्मे सुमारे ९ महिन्यांत गेले. त्यानंतर औषधेही सुधारली आहेत.

तेव्हा डॉक्टरसाहेबांना सरळ विचारा : ही तपासणी कशासाठी? आकड्याने उपचार बदलणार का? मूत्रपिंडे केमोथेरपी सोसतील का? जमिनीचा सौदा करण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.

आणि लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही तरी, 'उष्णता झाली' म्हणून अंगावर काढू नका. कामठ्याहून गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दूर नाही. तुडतुडा बुंध्याशी दिसताच आपण फवारणीला धावतो. तीच घाई इथे करा.