गाडी ऑइल पिते तेव्हा

सेकंडहँड गाडी घेतलेल्या, किंवा घरातली जुनी गाडी वारशात मिळालेल्या तमाम दोस्तांनो, आजचा कॉलम तुमच्यासाठी. नव्या कोऱ्या एसयूव्हीचा ईएमआय भरणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं. आठ-दहा वर्षांनी परत याल, तेव्हा बोलू.

आमची गाडी २००२ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल सांगत नाही, म्हातारपणी कुणाची बदनामी कशाला! ती असते आण्णांकडे, इस्लामपूरला. (२०२५ मध्ये सरकारने गावाचं नाव ईश्वरपूर जाहीर केलं, पण तोंडातलं नाव इतक्या लवकर थोडंच बदलतं?) दर पंधरवड्याला आईला मिरजेला तपासणीसाठी न्यायचं काम या गाडीचं. त्यामुळे ‘विकून टाका की’ हा सल्ला आमच्या घरी चालत नाही. एसटीने आईला ते झेपत नाही.

तर, गाडी ऑइल प्यायला लागली. सर्व्हिसिंगला दोन महिनेही झाले नव्हते आणि गेज पट्टीवर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. मी ती पुण्यात एका चकाचक वर्कशॉपला दाखवली. तिथल्या टायवाल्या पोराने बॉनेटही न उघडता निकाल दिला: रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल, ४५ हजार. गाडीची बाजारातली किंमत तरी तेवढी आहे का? आण्णांनी मला न सांगता भंगारवाल्याला फोन केला होता, हे नंतर आईकडून कळलं.

मग पेठ-सांगली रस्त्यावरच्या आमच्या मेस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “सर, इंजान उतरवायची एवढी घाई कशाला? आधी किती पितीया त्ये तरी मोजू.”

हीच खरी पहिली पायरी, आणि नव्वद टक्के लोक तीच गाळतात असा माझा संशय आहे. सकाळी थंड इंजिन, सपाट जागा, पट्टी पुसायची, पूर्ण आत घालायची, मग बघायचं. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे. बरोबर १००० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच जागी, मापाने ऑइल ओतत वरची खूण गाठायची. जेवढं ओतलं, तेवढं प्यायली. आण्णा गणिताचे रिटायर्ड शिक्षक, त्यांनी वहीच घातली. आकडा आला ६५० मिली. काही कंपन्या १००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटरसुद्धा ‘नॉर्मल’ मानतात, हे ऐकून मला धक्काच बसला. पण दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभरच असतं. न बघता चालवलं तर पंधराशे किलोमीटरला आमची पट्टी तळाला!

आणि हो, डॅशबोर्डवरचा तो लाल ऑइलचा दिवा लेव्हल सांगत नाही, प्रेशर सांगतो. तो चालू गाडीत पेटला की ऑफिसला पोचायचा विचार सोडा, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता ऑइल जातं कुठे? एकतर बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. सकाळी दोन थेंब, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधले. त्यात ६५० मिली बसत नाही. म्हणजे जळतंय. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, खुळखुळला, म्हणजे ठीक. (हा तुंबला की क्रँककेसमध्ये प्रेशर वाढतं आणि ऑइल नको तिथे ढकललं जातं. स्वस्त वस्तू आहे, आधी हीच बघा.)

मग धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, दाट पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट जळतंय, निळसर म्हणजे ऑइल. पण निळा *कधी* येतो, तिथे खरी गंमत आहे. मेस्त्रींनी मला खंबाटकीचा गृहपाठ दिला: उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडायचा, खाली आल्यावर पाय द्यायचा, मागच्या गाडीतल्या मित्राने बघायचं. मित्राचा फोन आला, “अरे, अगरबत्ती लावलीस का?” चढाला मात्र काही नव्हतं. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल खाली ओढलं जातं. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, लोडवर धूर निघाला असता.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडर १६५ ते १७० पीएसआय. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल फट भरतं आणि आकडा चांगलाच उसळतो. आमचा जेमतेम पाचने हलला. रिंगा ठणठणीत!

हवेच्या प्रेशरने व्हॉल्व्ह वर धरून, हेड न उतरवता सील बदलले. ५८०० रुपये, एक दिवस. जाड ऑइल घाला, धूर बंद करणारी बाटली ओता, असे सल्ले मधल्या काळात ढिगाने मिळाले. जाड ऑइलने खप थोडा कमी होतोही, पण कडक झालेलं रबर त्याने मऊ होत नाही. आणि जळलेल्या ऑइलची राख कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठत राहते, त्याचं बिल वेगळं.

आण्णांच्या वहीतला ताजा आकडा १००० किलोमीटरला १५० मिली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग राहिलंय, कारण गॅरेजमध्ये सध्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आहे. मेस्त्री म्हणतात, कारखाना बंद झाला की गाडी घेऊन या.