टॅग आहे, मग मालक कुठे आहे?

महामार्गांवरची मोकाट जनावरे हटवून निवाऱ्यात न्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी बजावले. आदेश योग्यच आहे. पण नुसते जनावर उचलले, तर ते मोकळे सोडणारा मालक नामानिराळाच राहतो. नंदुरबार जिल्ह्यात विसरवाडी-नवापूरच्या महामार्गावर किंवा शहादा-तळोदा-अक्कलकुवा रस्त्यावर काळोखात बसलेल्या गायीवर दुचाकी आदळली, तर ती गाय कोणाची, हे सांगायला कोण पुढे येणार? वाहनाखाली जनावर मेले, तर मालकाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, शिवाय वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. जनावरामुळे माणूस मेला, तर वारसांनी आधी मालक हुडकायचा, मग दिवाणी न्यायालयात त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसायचे. हा अन्याय आहे.

मालक सापडत नाही, ही सबब आता पुरे. कानात टॅग नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला राज्यात 1 जून 2024 पासून बंदी आहे. टॅगवरच्या बारा आकडी क्रमांकावर मालकाची नोंद असते. बाजारात वाचला जाणारा टॅग अपघाताच्या पंचनाम्यात का उतरत नाही? कायद्याचीही वाण नाही. जनावराबाबतच्या निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर भटकणारी गुरे कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार तर पोलिसांना 1871 पासून आहे. वापरायचा कोणी?

गरीब आदिवासी शेतकऱ्यावर या जबाबदारीचा बोजा कशाला, असे विचारले जाईल. 2015 मध्ये लागू झालेल्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर भाकड बैल विकणे अवघड झाले, हे खरेच. म्हणून तो बैल सांभाळण्याची सोय सरकारने करावी. त्याचे ओझे रस्त्यावरच्या मजुराच्या जिवावर टाकू नये. ठेलारी मेंढपाळांनी राखत नेलेला कळप वेगळा आणि रात्री दावे सोडून दिलेले जनावर वेगळे. वाहनचालकाचा वेगही तपासावाच, पण त्याने मालकाची जबाबदारी पुसली जात नाही. इंग्लंडमध्ये रस्त्यावर भटकणाऱ्या गुरांच्या मालकांना कायद्याचे अभय होते. 1971 मध्ये ते काढून घेतले गेले. आपल्याकडे मालकाला व्यवहारात मिळणारे अभयही काढावे. प्रत्येक पंचनाम्यात टॅग क्रमांक सक्तीचा करा. पशुधन विम्याच्या हप्त्याला सरकार अनुदान देतेच. त्या विम्यात अपघातग्रस्ताची भरपाईही जोडा. टॅग नसेल, तर रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेने ती द्यावी. दुधाच्या वेळी ज्याची गाय, अपघाताच्या वेळीही ती त्याचीच असली पाहिजे.