सैनिकाची शपथ आणि प्रजासत्ताकाचे ऋण

नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात प्रशिक्षण पुरे झालेल्या जवानांची कसम परेड होते. पायदळाच्या पलटणींना निशाण असते. तोफखान्याचे निशाण म्हणजे खुद्द तोफाच. त्यांच्या साक्षीने जवान संविधानावरील खऱ्या निष्ठेची शपथ घेतो. जमिनीवरून, समुद्रावरून वा आकाशातून, जिथे धाडले जाईल तिथे जाईन आणि राष्ट्रपतींच्या व वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आज्ञा प्राण धोक्यात घालूनही पाळीन, असे तो म्हणतो. सोहळा गंभीर असतो आणि तो तसाच असावयास हवा. परंतु या शपथेत शपथ घेणारा काय देणार ते सारे आहे. शपथ घेवविणारा काय देणार, याविषयी एक अक्षरही नाही.

शपथेचा हा दुसरा अर्धा भाग नेहमीच अलिखित राहिला आहे. तो पाळला गेला नाही म्हणजे काय होते, हे प्राचीन रोमच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. रोमन प्रजासत्ताकात भरतीच्या वेळी एका सैनिकाने संपूर्ण शपथ उच्चारावयाची आणि बाकीच्यांनी एकेक करून पुढे येऊन ‘मीही तसेच’ म्हणावयाचे, असा प्रघात होता. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की त्याखेरीज सैनिक आपसांत स्वखुशीने आणखी एक वचन देत: रांग सोडणार नाही, सोडलीच तर शस्त्र आणावयास, शत्रूवर वार करावयास किंवा सहनागरिकाचा जीव वाचवावयास. इ. स. पू. २१६ साली, कॅनीच्या भीषण पराभवापूर्वी, हे वचन अधिकाऱ्यांनी सक्तीचे केले. शपथ किती काटेकोर मानली जाई याची एक गोष्ट सिसेरोने नोंदली आहे. कॅटोच्या मुलाचे दल विसर्जित झाले, पण मुलाला लढाईची हौस होती म्हणून तो तिथेच राहिला. तेव्हा बापाने सेनापतीला लिहिले की त्याला ठेवावयाचे असेल तर नव्याने शपथ द्या, कारण जुनी संपली आणि शपथेवाचून शत्रूशी लढण्याचा त्याला अधिकार नाही.

हे सैनिक शेतकरी होते, हे विसरून चालणार नाही. ठराविक मालमत्ता असणाऱ्यालाच सैन्यात घेत. मोहीम संपली की तो आपल्या शेताकडे परते; शपथ संपली तरी भाकर संपत नसे. मोहिमा वर्षानुवर्षे लांबू लागल्या तसे शेत पडीक पडले, कर्ज वाढले आणि जमिनी बड्या धनिकांच्या घशात गेल्या. इ. स. पू. १०७ साली मरियसने निर्धनांना सैन्यात घेतले. त्यांना परतावयास शेत नव्हते, आणि ते देण्याची कायमची तजवीज सिनेटने केली नाही. ती करू शकणारा एकच माणूस त्यांच्यापुढे होता: सेनापती. इ. स. पू. ८८ साली सुल्लाने थेट रोमवर चाल केली, तेव्हा एक वगळता त्याच्या साऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याची साथ सोडली. सामान्य सैनिक मात्र त्याच्यामागे गेले. पूर्वेकडील मोहिमेची लूट दुसऱ्या सैन्याच्या पदरी पडेल, ही त्यांची भीती होती. त्यांना अप्रामाणिक म्हणणे सोपे आहे. खाल्ल्या मिठाला ते जागले. प्रजासत्ताकाने मीठच दिले नव्हते.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारी शिपायांनी धरणे धरावे, हे उत्तर मराठेशाहीत वारंवार घडे. बेलभंडाराने बांधलेले इमानही उपाशी पोटी फार काळ टिकत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वर नाविकांचा उठाव सुरू झाला तोही निकृष्ट अन्नावरून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून. त्याच हंगामात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यात भुलाभाई देसाई राजनिष्ठा मोठी की देशनिष्ठा, हा प्रश्न इंग्रज न्यायासनापुढे मांडीत होते. भारताने त्याचे उत्तर १९५० मध्ये दिले. शपथ राजाची नव्हे, पक्षाची नव्हे, संविधानाची. ही कमाई लहान नाही.

म्हणूनच दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय, हे विचारले पाहिजे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार जवान चार वर्षांसाठी घेतला जातो. जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करावयाचे. उरलेल्यांना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये देऊन निरोप द्यावयाचा. यात जवानाच्या स्वतःच्या वेतनातून कापलेली रक्कमही आहे. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. शपथेचे शब्द मात्र कायम जवानाचेच.

सैन्याचे सरासरी वय उतरावे, हा सरकारचा युक्तिवाद गैर नाही. खर्चाचा युक्तिवादही निराधार नव्हे: २०२४–२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाच्या सुमारे ६ लाख २२ हजार कोटींपैकी १ लाख ४१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी होते. पण पैसा नाही हे म्हणणे कुणाच्या तोंडी शोभते? इ. स. ६ मध्ये ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उभारला. आरंभी १७ कोटी सेस्टर्स स्वतः घातले आणि पुढील तरतुदीसाठी लिलावातील विक्रीवर एक टक्का व वारशावर पाच टक्के कर बसविला. जवळचे नातलग आणि गरीब यांना सूट होती. धनिक कुरकुरले, पण कर टिकला. अर्थात तोवर प्रजासत्ताक बुडाले होते आणि शपथ सम्राटाच्या नावाने घेतली जात होती; शहाणपण पन्नास-साठ वर्षे उशिरा आले. भारताने १९५३ मध्ये लावलेला मृत संपत्तीवरील कर १९८५ मध्ये रद्द केला, १९५७ चा संपत्तिकर २०१५ मध्ये. दोन्ही वेळी कारण एकच: वसुली थोडी आणि खटाटोप फार. वसुली थोडी का, याची चौकशी करण्याऐवजी करच काढून टाकला. कोट्यधीशाचा मुलगा बापाची इस्टेट करावाचून घेतो आणि शेतमजुराच्या मुलाचे निवृत्तिवेतन तिजोरीला जड होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकमध्येच सरावाच्या वेळी तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. दोघेही विशी-एकविशीचे. योजनेत अशा कुटुंबांसाठी विम्याची व सानुग्रह साहाय्याची रक्कम आहे; दरमहाचे कुटुंब-निवृत्तिवेतन नाही. त्याच तोफेवरचा कायम जवान त्याच स्फोटात गेला असता, तर त्याच्या घरी ते सुरू झाले असते.